कोरडा मारुती

काळखडीला कधी गेलात तर मारुतीच्या देवळात जरूर जा, पण सोबत तेल नेऊ नका. नेलंत तरी कुणी रागावणार नाही म्हणा. गुरव तुमच्या हातातली वाटी घेईल, देवाला लांबून दाखवेल आणि म्हणेल, "पोचलं. आता हे विहिरीवर नेऊन द्या." मारुती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तेलानं न्हालेला, शेंदरानं चकाकणारा देव उभा राहतो. काळखडीचा मारुती तसा नाही. तो भाजलेल्या विटेसारखा कोरडा ठणठणीत आहे. शेजारच्या गावची माणसं यावरून काळखडीकरांना चिडवतात. तुमच्या देवाच्या नशिबी बोटभर तेल नाही का रे, म्हणतात. काळखडीकर चिडत नाहीत. ते म्हणतात, टेका जरा, सांगतो. आणि मग ठकूबाईची गोष्ट सुरू होते. मी ती ज्यांच्याकडून ऐकली, त्यांनी ती ज्यांच्याकडून ऐकली होती, त्यातलं आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा खरं-खोटं करायला माझ्याकडे येऊ नका.

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या उतरणीवर जेव्हा फक्त बैलगाडीची वाट होती, तेव्हा काळखडीत सगळं होतं आणि पाणी नव्हतं. बायका ओढ्यावरून घागरी आणायच्या. ओढा लांब होता आणि चैत्र लागला की तोही आटायचा. अखेर गावानं ठरवलं की देवळाच्या खालच्या उतारावर एक मोठी विहीर खणायची. खडक फोडायला बाहेरून वडार आले, आणि खडकातून पाझरणारा झिरपा उपसायला रंगराव पाटलांनी शहरातून एक जुनं इंजिन आणलं. बैलांच्या तीन जोड्या लावून ते घाट चढवावं लागलं. काळंकुट्ट, दोन बाजूंना दोन मोठी चाकं, वर धुराची नळी. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गावातली कुत्री दोन दिवस घराबाहेर पडली नाहीत, असं म्हणतात. इंजिनाबरोबर आलेला माणूस ओढ्याचं पाणी पिऊन आजारी पडला आणि परत गेला. मग प्रश्न पडला, की आता ह्याला हात कोण लावणार.

हात लावला ठकूबाईनं. ही भिकू तेल्याची लेक. घर वेशीजवळ. लग्न होऊन शहरात गेली होती. नवरा कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालायचा. तो खोकून खोकून गेला, तेव्हा त्याची लांब चोचीची बुधली हिनं उचलली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी जाऊन उभी राहिली. मुकादम म्हणाला, बाई, हे काम बाईचं नाही. ती म्हणाली, यंत्राला विचारा. बरीच वर्षं ती त्या पट्ट्यांच्या आणि चाकांच्या खालून वाकून फिरली. जीन बंद पडलं तेव्हा तीच बुधली घेऊन माहेरी परत आली. बापाचा घाणा तोवर मोडून पडला होता. बाप गेला होता. घर तेवढं उभं होतं.

आता ठकूबाई गरीब, सोशीक वगैरे होती असं तुमच्या मनात आलं असेल तर ते काढून टाका. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. पण इंजिनापाशी गेली की ती वेगळीच व्हायची. सुरू करायच्या आधी ती त्याच्या प्रत्येक सांध्यावरून उलटा हात फिरवायची, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. पितळेच्या बेअरिंगा चाचपायची. सिलिंडरवर एक काचेची कुपी होती, तिच्यातून एरंडेलाचा थेंब थेंब आत पडायचा. तो थेंब पडताना दिसल्याशिवाय ती चाकाला हात लावू द्यायची नाही. नवं तेल आलं की दोन बोटांत चोळून बोटं कानाशी न्यायची. कचकच ऐकू आली तर ते तेल बाद. तिचा नियम एकच होता. तिचा हात फिरल्याशिवाय चाक फिरणार नाही, आणि तिनं थांब म्हटलं की कुणीही असो, थांबायचं.

हा नियम पाटलांना पहिल्याच महिन्यात समजला. त्यांचे पाहुणे इंजिन बघायला आले होते. पाहुणे पोचले आणि ठकूबाईनं चाक थांबवलं.

"आगं, काय करतीस ठके," पाटील म्हणाले, "पाव्हणे लांबून आल्यात."

"पाव्हण्यास्नी गुळपाणी द्या. हे तापलंय. ह्याला गार होऊ द्या."

पाहुणे गुळपाणी पिऊन गेले. पाटलांनी ते मनात ठेवलं, पण तिला काढून टाकता येईना, कारण दुसरं कुणी नव्हतं. शिवाय माणूस वाईट नव्हता. त्याला गावासाठी पाणी हवं होतं आणि ते लवकर हवं होतं, एवढाच त्याचा दोष.

विहीर खोल जात राहिली. तळाशी यल्लप्पा वडार आणि त्याचा धाकटा भाऊ तिम्मा पहार चालवायचे, वर यल्लप्पाची बायको दुर्गव्वा दगडांच्या पाट्या ओढून घ्यायची. नुसता खडक लागत होता. झिरपा होता तो घागरी भरायच्या कामाचा नव्हता, पण कामात अडथळा आणण्यापुरता होता, म्हणून रोज थोडा वेळ इंजिन लावावं लागायचं. चैत्र आला, ओढा आटला. बायका ओढ्यात वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. आणि हनुमान जयंती आली.

त्या दिवशी पहाटे रंगराव पाटलांनी जे केलं ते काळखडीतच कुणाला सुचावं. त्यांना वाटलं, विहिरीला पाणी लागत नाही कारण विहिरीनं अजून मारुतीला काही दिलेलं नाही. मग विहिरीचं स्वतःचं असं काय आहे? तर तिच्या इंजिनाचं तेल. त्यांनी इंजिनाच्या खोपटातला एरंडेलाचा नवा कोरा, तोंडापर्यंत भरलेला डबा उचलवला, वाजतगाजत देवळात नेला आणि सूर्य उगवताना सगळाच्या सगळा मारुतीच्या डोक्यावर रिकामा केला. शेंदूर विरघळून खाली आला, तेल पन्हळीतून बाहेर वाहिलं, लोकांनी त्याला बोटं लावून कपाळाला लावली. सगळ्यांचे डोळे भरून आले होते, असं म्हणतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तहानलेल्या गावानं आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं होतं ते दिलं.

ठकूबाई खोपटात आली तेव्हा डब्याच्या जागी डब्याचा गोल डाग होता. ती तशीच पाटलांपुढे जाऊन उभी राहिली.

"डबा कुटं हाय?"

"देवाला वाहिला," पाटील म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आज पाणी लागतंय बघ."

"आन् लागलं तर उपसायचं कशानं?"

"दुसरा डबा आणायला गाडी धाडलीय."

"गाडी उद्या येनार. मग आज हिरीत मानूस उतरवू नका. तेल न्हाई तर इंजिन न्हाई, इंजिन न्हाई तर खाली मानूस न्हाई."

"चांगल्या दिसाला अभद्र बोलू नको," पाटील म्हणाले, आणि यल्लप्पाला हात करून म्हणाले, "उतरा रं."

वडारांना रोजाची गरज होती. ते उतरले.

आणि बघा, मारुतीनं ऐकलं. ऊन चढायच्या आत तिम्माची पहार एका भेगेत गेली आणि आतून पाणी उसळलं. काठावरच्या माणसांनी गुलाल उधळला. तो गुलाल खाली पोचायच्या आत भेगेवरची दगडाची शिळा सरकली आणि यल्लप्पाचा पाय मांडीपर्यंत तिच्याखाली सापडला. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं आणि चढत होतं. तिम्मानं पहार लावली, आणखी दोघं दोरावरून खाली उतरले, पण शिळा हलेना. ती फोडायची तर टाकी-हातोडीनं फोडायला हवी होती, आणि पाणी गुडघ्याखाली गेल्याशिवाय टाकीचा घाव बसत नव्हता.

ठकूबाई कुणाला बोल लावत बसली नाही. कुपीत होतं तेवढं एरंडेल आणि बुधलीत होतं तेवढं, एवढ्यावर तिनं इंजिन सुरू केलं. ते चालायचं रॉकेलवर, आणि रॉकेल भरपूर होतं. पंपानं पाणी ओढायला सुरुवात केली. यल्लप्पाच्या छातीला लागलेलं पाणी तिथं थांबलं, मग बोट बोट उतरायला लागलं. पण त्या जुन्या इंजिनात तेल घातलं की ते जळून आणि झडून जायचं, आत साठून राहायचं नाही. त्याला सारखं पाजत राहावं लागायचं. ठकूबाई कुपीकडे बघत होती. तिनं गावाकडे तोंड करून ओरडून सांगितलं, घरात असंल त्ये तेल घेऊन या.

गाव तेल घ्यायला धावलं. बाहेरचा वडार म्हणून गावानं हात आखडला असं समजू नका. तसं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. चुलीमागच्या बुधल्या, फोडणीच्या वाट्या, बाळंतिणीला चोळायचं तेल, सगळं बाहेर आलं. आणि सगळं देवळाकडे गेलं. कारण सोपान गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगत होता, की देवानं पाणी दिलंय तर देवच आवरेल, तेल घाला, त्याला शांत करा. विहिरीपासून देवळापर्यंत चढ आहे. त्या चढावर माणसं हातातल्या वाट्या सांभाळत पळत होती. ठकूबाईच्या डोळ्यांदेखत तेल चालत निघालं होतं आणि तिच्या हातात रिकामी बुधली होती.

इंजिनाचा आवाज बदलला. काठावरच्या कुणाला तो समजला नाही, ठकूबाईला समजला. तिनं दुर्गव्वाला हाताला धरून ओढलं आणि तिचा तळहात मोठ्या बेअरिंगवर टेकवला.

"हात हितं ठेव. चटका सोसंना झाला की थांबीव. ह्यो दांडा असा वढायचा. थांबीवलं तर गार झाल्यावर परत चालंल. न थांबिवता तापून आत आवळून बसलं, तर परत चालायचं न्हाई. समजलं का?"

दुर्गव्वानं मान हलवली. तिचे डोळे विहिरीत होते. ठकूबाई बुधली घेऊन चढ चढली.

देवळात ती थेट गाभाऱ्यात शिरली. त्या काळी बाई मारुतीच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवत नसे. तिनं मूर्तीच्या खांद्यावरून ओघळणारं तेल दोन बोटांवर घेतलं, चोळलं, कानाशी नेलं. शेंदूर कचकचत होता. ह्यातलं थेंबभर जरी आत गेलं असतं तरी पितळ खरवडून निघालं असतं. देवाच्या अंगावर गेलेलं तेल देवाचंच झालं होतं, ते परत मिळणार नव्हतं. मिळण्यासारखं होतं ते अजून लोकांच्या हातात होतं.

मग तिनं ते केलं ज्याच्यासाठी तिचं नाव राहिलं. ती गाभाऱ्याच्या दारात आली, देवाकडे पाठ केली, दोन्ही हात चौकटीला लावले आणि उभी राहिली.

"एक थेंब आत जानार न्हाई," ती म्हणाली.

सोपान गुरव म्हणाला, "ठकूबाई, बाजूला व्हा. देवाला पाठ करून हुबं ऱ्हायचं नसतं."

"मला ठावं हाय."

"त्येला शांत केलं न्हाई तर त्यो मानूस जाईल."

"त्यो मानूस हितं न्हाई, हिरीत हाय. आन् त्येला धरून ठेवलंय त्या इंजिनानं. सकाळपासनं डबाभर तेल पिऊन बसलाय तुमचा देव. तुमी पानी मागितलं, त्येनं दिलं. त्येचं काम झालं. आता आपलं काम करायचं का न्हाई?"

पाटील पुढं आले. सकाळचं समाधान केव्हाच उतरलं होतं. "ठके, हट्ट करू नको. गावावर कोप हुईल. लेकराबाळांचं गाव हाय."

"गावावर कशाला?" ठकूबाई म्हणाली. तिनं मान वळवून, आत मूर्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाव ठकू. बाप भिकू तेली. घर वेशीजवळ, दारात बाभळ हाय. कोप करायचा आसंल तर तितं ये. दुसऱ्याच्या दाराला जाऊ नको."

देवळात कुणी हललं नाही. वाट्या हातातल्या हातात राहिल्या. देवाला कुणी असा पत्ता दिलेला कुणी ऐकला नव्हता. आणि त्या शांततेत खालून इंजिनाचा आवाज येत होता. आता तो सगळ्यांनाच समजत होता, कारण त्यात दळताना जात्याखाली खडा यावा तशी घरघर आली होती.

पहिली हलली ती पारूबाई, सोपान गुरवाचीच बायको. देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलाचा बुधला तिच्या ताब्यात असायचा. ती तो दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"अगं, दिवा..." सोपान म्हणाला.

"दिवा परत लावता येतोय," पारूबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, आणि ठकूबाईच्या बुधलीत तेल ओतू लागली. एक थेंब बाहेर सांडला नाही, असं म्हणतात. तिच्यामागून एक म्हातारी आली, मग एक सून, मग सगळेच आले. पाटलांनी काय केलं याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात ते खाली बसले आणि रडले. काही म्हणतात त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून तेल गाळायला दिला. मला दुसरं मत आवडतं.

देवळापासून विहिरीपर्यंत माणसांची रांग लागली आणि वाट्या हातोहात खाली येऊ लागल्या. ठकूबाई पळत खाली पोचली तेव्हा बेअरिंगमधून धूर निघत होता आणि दुर्गव्वाचा हात तसाच त्याच्यावर होता. तिनं इंजिन थांबवलं नव्हतं. थांबवलं तर पाणी चढेल, एवढंच तिला दिसत होतं. हात काढला म्हणजे चटका सोसेना झाला असं होईल आणि दांडा ओढावा लागेल, म्हणून तिनं हातसुद्धा काढला नव्हता. ठकूबाईनं तिचा हात उचलला तेव्हा कातडी पितळेला चिकटून राहिली. ठकूबाईनं तिला शिवी दिली आणि तिच्या गळ्यात पडून एकदा हुंदका दिला. मग तेल घालू लागली.

प्रत्येक वाटी ती नाकाशी नेत होती. एरंडेल असलं तर सिलिंडरच्या कुपीत. करडईचं, तिळाचं असलं तर बेअरिंगांना. फोडणीचं, मोहरी तडतडलेलं तेल आलं तर बाजूला. आलेलं सगळं फेट्याच्या दुहेरी घडीतून गाळून. घरघर कमी झाली, मग थांबली. इंजिन पुन्हा एका लयीत बोलू लागलं. खाली पाणी यल्लप्पाच्या पोटापर्यंत आलं, मांडीपर्यंत आलं, गुडघ्याखाली गेलं, आणि तिम्मानं टाकीवर पहिला घाव घातला.

पण तो खडक काळखडीचा होता. दुपार कलली तरी शिळा पुरी फुटली नव्हती. आणि वाट्या संपल्या. रांगेतून रिकामे हात खाली येऊ लागले. गावात तेलाचा थेंब उरला नव्हता. कुपीतलं तेल तळाला गेलं होतं.

इथं सांगणाऱ्याचा आवाज नेहमी खाली येतो. असं म्हणतात, की त्या वेळी देवळाच्या पायरीवरून तेलाचा एक ओघळ निघाला. कुणी ओतला नव्हता. तो चढावरून खाली आला, दगड चुकवत, माती न पिता, थेट इंजिनाच्या ओट्यापाशी येऊन थांबला. त्यात शेंदराचा कणही नव्हता. लोकांनी हात जोडले. कुणी जमिनीवर लोटांगण घातलं. आणि ठकूबाईनं काय केलं? तिनं खाली वाकून त्यात दोन बोटं बुडवली, चोळली आणि कानाशी नेली. देवानं पाठवलं म्हणून काय झालं. बोटं वाजली नाहीत. तेव्हाच तिनं बुधली भरली, असं म्हणतात.

ओघळ मी पाहिलेला नाही. पण बोटं चोळून बघितल्याचं मला शंभर टक्के खरं वाटतं.

दिवस मावळायच्या आत शिळा फुटली. यल्लप्पाला दोरावरून वर काढलं. पायाचं हाड मोडलं होतं. माणूस जिवंत होता आणि दुर्गव्वाचा बांधलेला हात बघून तिला रागावत होता. ठकूबाईनं इंजिन थांबवलं, सगळ्या सांध्यांवरून एकदा हात फिरवला आणि तिथंच ओट्यावर झोपली.

सकाळी लोक देवळात गेले तर मारुती कोरडा होता. आदल्या दिवशी डबाभर तेल प्यालेला दगड, त्यावर हात फिरवला तर नुसती शेंदराची भुकटी. सोपान गुरव घाबरला. गावातली जाणती माणसं जमली. त्यांनी ठरवलं, की ठकूबाईनं देवापुढं नाक घासावं, माफी मागावी आणि स्वतःच्या हातानं तेल घालावं. यल्लप्पा वाचला हे चांगलंच झालं, पण देवाला पाठ दाखवली ती दाखवलीच. निरोप घेऊन स्वतः पाटील गेले. ती वेशीजवळच्या घरात, बाभळीखाली बसून बुधलीची चोच साफ करत होती.

"मी माफी मागनार न्हाई," ती म्हणाली. "त्येचा माझ्यावर राग आसंल तर पत्ता दिलाय. सकाळपासनं हितं बसून वाट बघतीय. आला न्हाई."

"निदान तेल तरी घाल. तू घातल्याबिगर अंगावर टिकंना झालंय."

"टिकत न्हाई तर त्येला नको आसंल. इचारा की त्येला."

त्यांनी विचारलं म्हणजे काय, आणखी तेल ओतून बघितलं. अंगावर पडलेलं तेल क्षणात दगडात जिरायचं आणि दगड पुन्हा कोरडा. एरंडेल घातलं, तिळाचं घातलं, तूपसुद्धा घातलं. तेच. अखेर पारूबाईच म्हणाली, की त्यानं त्याच्या वाटणीचं सगळं एकदाच देऊन टाकलंय, आता त्याला कशाला भरवता. गुरवानं मान खाली घातली. तिथून तेल घालणं बंद झालं. ठकूबाईनं पुढंही बरीच वर्षं इंजिन चालवलं, लोकांशी भांडली, आणि एका साध्या दुपारी, बुधली उशाला ठेवून, झोपेत गेली. ती गेली तेव्हा बंद इंजिनाचं चाक आपोआप एक फेरा फिरून थांबलं, असं म्हणतात. म्हणोत बापडे.

आता विहिरीवर विजेची मोटार आहे. जुनं इंजिन शेजारच्या ओट्यावर उभं आहे. त्यावर गंजाचा ठिपका नाही. हातानं चाक फिरवलंत तर आजही फिरतं, आवाज न करता. काळखडीत पिठाची गिरणी असो, ट्रॅक्टर असो, शिवणयंत्र असो, सुरू करण्याआधी त्यावरून उलटा हात फिरवतात. आणि यंत्रावरच्या माणसानं थांब म्हटलं तर सरपंचाचीसुद्धा चालव म्हणायची टाप नाही. म्हटलंच कुणी, तर त्याला गुळपाणी देऊन बसवतात.

आणि हनुमान जयंतीला जन्म झाला, सुंठवडा वाटला, की सगळं गाव तेलाच्या वाट्या घेऊन देवळात जमतं. गावातली एक बाई, दर वर्षी वेगळी, गाभाऱ्याच्या दारात जाते, देवाकडे पाठ करते आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहते. गुरव तिला विचारतो, "कोन तुमी?" आणि ती कुणाचीही लेक असो, कुणाच्याही घरातली सून असो, मोठ्यानं सांगते, "नाव ठकू. बाप भिकू तेली. घर वेशीजवळ, दारात बाभळ हाय." मग वाट्या तिच्या बुधलीत रिकाम्या होतात आणि रांग विहिरीकडे वळते. यल्लप्पाच्या वंशातली माणसं कुठंही दगड फोडत असली तरी त्या दिवशी येतात, आणि त्यांच्यातली थोरली बाई जुन्या इंजिनाच्या बेअरिंगवर तळहात टेकवते. पहिलं तेल तिथं पडतं. उरलेलं गावातली यंत्रं वर्षभर वाटून घेतात.

वेशीजवळचं ते घर केव्हाच पडलं. गावात जागेला आता सोन्याचा भाव आहे, पण त्या तुकड्यावर कुणी बांधत नाही. बाभळ वाळली की दुसरी लावतात. मी विचारलं, ही रिकामी जागा अशीच कशी ठेवलीत? तर तिथं बसलेल्या एका आजीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्येला पत्ता दिलेला हाय न्हवं. कधी आलाच तर चुकाय नको."